दोनशे डावे हातमोजे

खुर्सीपारहून कुम्हारीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर पेपरात गुंडाळलेली पुडी होती.

"सिंधुताई, आपल्याले धंद्याले लावणाऱ्या मृणाल मॅडम आज संस्थेतून रिटायर होऊन राहिल्या, अन् तुम्ही त्यायच्यासाठी एवढीशीच पुडी आणली?"

"चूप बस, शीला. आपली पहिली आर्डर आठवते का तुले?"

"आठवणार नाही तं काय! प्लांटातल्या ठेकेदाराचे चामड्याचे हातमोजे. शंभर जोड्या."

"अन् आपण कापायचा पुठ्ठ्याचा फर्मा पलटवलाच नाही. दोनशेच्या दोनशे डावे कापले!"

"मी तं रडालेच लागली होती. वाटलं, आता मॅडम आपल्याले घरी पाठवतात."

"त्या पोट धरून हसल्या. म्हणे, धंदा तुमचा आहे, ठेकेदाराले तुम्हीच सांगा. मी सोबत येते, पण बोलणार नाही."

"खरंच नाही बोलल्या! बाहेर बाकावर बसून राहिल्या. तुम्हीच आत जाऊन ठेकेदाराकडून आठ दिवस वाढवून मांगून आणले."

"तवापासून मले कोणाची भीती नाही वाटली. मंग गावोगावी बायकायचे कारखाने उभे केले त्यायनं, पण त्या दोनशेतला एक डावा हातमोजा आपल्या टेबलावर ठेवला, तो काही हलवला नाही."

"हो ना. वीस वर्षं झाली, एकटाच पडून आहे बिचारा. मंग पुडीत काय आहे?"

"उजवा. त्याच जुन्या फर्म्यावर कापला. या टायमाले पलटवून."