खिळा अजून भिंतीतच आहे

माननीय अध्यक्षसाहेब, मंचावरचे मोठे डॉक्टर, संगणक विभागाचे साहेब, समोरची मंडळी आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे उभ्या असलेल्या माझ्या सफाईवाल्या बायांनो, सगळ्यांना नमस्कार.

आज संगणक विभागात काम करणाऱ्या माझ्या नातीला निरोप. 'आजी म्हणून चार गोड शब्द बोला,' असं मला सांगितलंय. मी चौथी शिकलेली बाई, या इस्पितळात बावीस वर्षं फरशी पुसतेय. गोड कुठून आणू?

संगणकाच्या खोलीत आधी दोन घड्याळं होती. एक इथलं, एक समुद्रापलीकडच्या मुख्य कचेरीचं. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेदहा. साहेब म्हणाले, दोन घड्याळांनी घोळ होतो. इथलं उतरवलं. कोणी? मीच, स्टुलावर चढून. यंत्रांनाही एक तारखेपासून तिथलीच वेळ लावायचं ठरलं.

नात म्हणाली, "साहेब, मध्यरात्री आपोआप होणारं अपडेट आता भर गर्दीत सुरू होईल. तारीखही चुकेल."

"मुख्य कचेरीपेक्षा तू शहाणी का?"

तिने लिहूनही दिलं. त्या कागदावर साहेब कप ठेवायचे. टेबल मीच पुसते ना!

मग ती एक तारीख उजाडली. लोक रक्त तपासायला उपाशीपोटी रांगेत, आणि यंत्र म्हणतंय, आज एकतीस, तुमचा नंबर उद्या. साडेदहाला तेही बंद. स्वतःला नवं करत बसलं. एक म्हातारे गृहस्थ मी पुसलेल्या फरशीवर चक्कर येऊन पडले. दोनला यंत्रं चालू झाली. चारला चूक कोणाची ते ठरलं. केवढी तत्परता, नाही का?

ती स्वखुशीने जातेय, असं आत्ताच साहेब म्हणाले. छान बोलले. अनुभवाच्या दाखल्यात मात्र 'कामात निष्काळजी' लिहिलंय. तो दाखला बघून तिला दुसरीकडे कोण दारात उभं करेल?

आणि भेट काय, तर भिंतीवरचं घड्याळ! साहेब, हे आम्ही नेत नाही. त्या खोलीतला खिळा अजून तिथेच आहे, माझा फडका रोज अडकतो त्याला. तिथेच टांगा. स्टूल मी धरते, या वेळी चढा तुम्ही.

अध्यक्षसाहेब, तो एक शब्द तेवढा दाखल्यातून काढा. नातीने लिहून दिलेला कागद मी कचऱ्याच्या डब्यातून उचलून ठेवलाय. कपाच्या डागासकट पिशवीत आहे. वरची तारीख वाचता येते.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर माफ करा. माफ करणं जमत नसेल, तर माझ्या नावावर लिहा. तिच्या नको.