परवाच्या जेवणातला सहावा पदार्थ

नऊ? — नाही, ऐकलं मी, सी नौफल, नीट ऐकलं — नऊ पदार्थ, पण प्रत्येक घासभर, असंच ना? म्हणजे नऊ घास. अहो, जेर्बाच्या बाईनं व्याह्यांना जेवायला बोलवायचं आणि नऊ घास वाढून हात झटकायचे? माझी आई असती ना — जाऊ दे. हसा, हसा, तुम्ही मोठे आचारी. मला कळतं हो, मी काही अगदीच अडाणी नाही, इतकी वर्षं ट्युनिसला राहतेय, शाळेत शिकवलंय, जेवणं बघितलीत. पण तिथे आपण पाहुणे असतो, इथे तुमच्या हॉटेलात का होईना, यजमान आहोत. फरक पडतो. पाव ठेवाल ना? टोपलीभर ठेवा. अगदीच शोभत नसेल तर टेबलाखाली ठेवा, मी हळूच काढीन — गंमत केली हो. बसा ना जरा, उभ्या उभ्या नका ऐकू. ही कॉफी थंड झाली तरी चालेल मला. आमचे हे पोहायला गेलेत, लेक एमना केसांना काहीतरी लावून झोपलीय, आत्ताच काय ते ठरवून टाकू. उद्या दुपारच्या विमानानं ती मंडळी येताहेत, मग मला श्वास घ्यायला फुरसत मिळायची नाही.

तर पहिलं ते टोमॅटोचं गार सार — बरं. मग ब्रिक, तो तळलेला पापुद्र्याचा, अंगठ्याएवढा — एवढ्याशा ब्रिकमध्ये अंडं मावतं तरी कसं? लाव्याचं अंडं! अरे वा. नाही, मादाम दोर्रांना आवडेल. मादाम दोर्रा म्हणजे मुलाची आई — स्कंदरची — माझी होणारी विहीण. फार छान बाई आहे. खरंच छान. कधी आवाज चढवून बोलत नाही. वसंतात आम्ही त्यांच्याकडे ला मार्साला गेलो होतो ना, तर तिनं चहाबरोबर एकेक बदामाची वडी दिली — एकेक हं — आणि ती वडी कापायला बारीकशी सुरी. मी आपली सबंध तोंडात टाकली. एमनानं टेबलाखालून पाय दाबला माझा. कुणी काही बोललं नाही — तेच तर! कुणी हसलं असतं तर मीही हसले असते आणि विषय मिटला असता. पण सगळे इतके सभ्य, इतके सभ्य, की घरी येईपर्यंत माझ्या घशात ती वडी अडकलेली. त्या रात्री मी ठरवलं, यांना जेवायला घालायचं तर असं कुठेतरी. पांढरे रुमाल, बारीक सुऱ्या. त्यांना घरी असल्यासारखं वाटलं पाहिजे.

काय? — हो, इथलीच मी. कुठल्या गावची? गेल्लालाची. जन्म तिथला. आता कुणी — म्हणजे घर आहे, पण — तुम्ही पुढचं सांगा ना. मासा. मग लिंबाचा बर्फ? जेवणाच्या अधेमधे गोड? तोंड साफ करायला, असं होय. बरं, असू दे. आम्ही लहानपणी तोंड साफ करायला पुढचा घास खायचो. सहावा कोणता म्हणालात?

वाळवलेला ऑक्टोपस. जवाच्या कण्यांच्या कुसकुसबरोबर.

नाही, आवडतो. न आवडायला काय झालं. आम्ही त्याच्यावरच तर वाढलो, अंगणात दोरीवर टांगलेला असायचा, मांजरांना हाकलायचं काम माझ्याकडे. मी एवढंच म्हणत होते की — परवाच्या जेवणाला तो जरा — कसं सांगू — जरा खेडवळ नाही वाटत? हो, हो, तुम्ही त्याचं काहीतरी सुंदरच करत असाल, पातळ पातळ काप, वर फुलं-बिलं — ते मला ठाऊक आहे, पण वास तर तोच ना? अस्सा वास की आख्ख्या गल्लीला कळतं आज कुणाकडे काय शिजतंय. तुम्ही त्याऐवजी कोळंबी घाला. मुख्य पदार्थ तोच आहे? बाकीचं सगळं त्याच्याभोवती बांधलंय? बघा बुवा. इतका कुठला खास ऑक्टोपस मिळाला तुम्हाला ऑगस्टात? हा काय त्याचा मोसम नव्हे. हिवाळ्यातला कुणीतरी जपून ठेवला असेल तरच —

कुठून आणलात?

नाही, सहज विचारते. गेल्लालातून. गेल्लालात काय, घरोघरी असतो. कुंभारांच्या भट्ट्यांच्या वरच्या अंगाला? बाभळीचं झाड — निळं दार? मोठ्या हाडापेराची बाई, डोक्यावर गवताची टोपी, नाही का. असतील, खूप बायका तशा असतात तिथे. मबरूका? नाही. नाही ओळखत. म्हणजे नाव ऐकल्यासारखं वाटतंय, पण गाव मोठं आहे, आणि मला जाऊन इतकी वर्षं झाली —

तुमची गाडी अंडी घ्यायला गेली आणि तिनं स्वतःहून बोलावलं? "घेऊन जा," म्हणाली? सगळा? एक तंगडीसुद्धा ठेवली नाही घरात?

कसं ठेवणार. — नाही, काही नाही, मी स्वतःशीच बोलले. आमच्याकडे — आमच्या आईची रीत होती हो, पाहुण्यासाठी म्हणून जे वेगळं काढलं ते घरच्यांनी खायचं नाही. पाहुणा आला नाही तर देऊन टाकायचं, उंबऱ्याबाहेर. पुढच्या वेळी पाहुणा वाट वाकडी करून जाऊ नये म्हणून. आईनं एकदा आख्खं कोकरू शेजाऱ्यांना दिलं होतं, आणि आम्ही पोरी तीन दिवस धुसफुसत होतो. मबरूका तेवढी नाही धुसफुसली. ती तशीच आहे, आई म्हणेल ते —

हो. बहीण. सख्खी. थोरली. झालं समाधान?

बघू नका असं. मला माहितीय तुमच्या मनात काय आलं. अहो, मी काही तिला टाकून दिलेलं नाही, दर उन्हाळ्यात भेटतो आम्ही, परवाच तर जाऊन आले. तिचीच तर कल्पना होती — नाही, खरं म्हणजे एमनाची. एमना म्हणाली, व्याह्यांचं पहिलं जेवण मबरूका खालाकडे, माझ्या मावशीकडे, दुसरीकडे कुठेच नाही. कारण एमनाला तिनंच वाढवलंय — माझी पहिली नेमणूक झाली ती लांब काफसाच्या बाजूला, तान्ही पोर घेऊन कुठे जाणार मी? शाळेत जाईपर्यंत पोरगी तिच्याच मांडीवर. मला आई म्हणायच्या आधी तिला म्हणाली. तर ठरलं होतं सगळं. फोनवर रोज — कोकरू कुठल्या कळपातलं घेऊ, तिच्या सासूला भात आवडतो की कुसकुस, ऑक्टोपस मी थंडीतच टांगून ठेवलाय, हात लावू देत नाही कुणाला. मग ती वडी घडली. त्या सुरीनं कापायची वडी. आणि मी डोळ्यांपुढे आणून बघितलं — मादाम दोर्रा त्या अंगणात चटईवर, पांढऱ्या कपड्यांत, एका थाळीत सगळ्यांचे हात, आणि मबरूका — ती काय करते माहितीय? सगळ्यात मऊ तुकडा शोधून स्वतःच्या बोटांनी पाहुण्याच्या तोंडात भरवते. तोंड उघडेपर्यंत हात हलवत नाही. आणि बोलते केवढ्यानं! अरबी बोलता बोलता मधेच आमच्या गावच्या बोलीत शिरते, ते निम्मं आमच्या ह्यांनाही कळत नाही. मादाम दोर्रा काही म्हणाली नसती. पुन्हा तसंच गोड हसली असती. आणि तसं हसणं मला पुन्हा सोसलं नसतं.

म्हणून मी सांगितलं, ते लोक येत नाहीत. जेर्बालाच येत नाहीत यंदा, त्यांचं काहीतरी निघालंय, आम्ही आपले चार दिवस समुद्रावर राहून जातो. परवा गेले होते ते हेच सांगायला. अंगणाला चुना मारत होती ती. स्वतः. बादली घेऊन, शिडीवर चढून, या वयात. मी खालूनच सांगितलं — वर बघितलंच नाही, चुना डोळ्यांत जाईल असं म्हणत मान खाली घातली. ती म्हणाली, "बरं." एवढंच. खाली उतरली, ब्रश धुतला, आणि मला म्हणाली, "तू जेवून जा." अर्धी भिंत पांढरी, अर्धी तशीच. आणि मी जेवले हो. बसून, दोनदा वाढून घेऊन जेवले!

आणि एमनाला काय सांगितलं? एमनाला सांगितलं खाला मेदनीनला गेलीय, मयताला. फोन लागत नाही तिकडे, म्हटलं. एवढं मोठं शहर, आणि मेदनीनला फोन लागत नाही! पोरगी रडवेली झाली — माझ्या जेवणाला खाला नाही? म्हटलं, मृत्यू काय विचारून येतो का. तोंडावर म्हटलं. मयत कुणाचं तेही ठरवलं नव्हतं मी, तिनं विचारलं तेव्हा एका म्हाताऱ्या चुलत्याचं नाव घेतलं. तो बिचारा ठणठणीत आहे, बाजारात बसलेला असतो. मला लाज वाटते, सी नौफल. तिची नाही — हो, तिचीच. खोटं किती बोलायचं, एक तरी खरं बोलू दे. मला माझ्या बहिणीची लाज वाटते, आणि त्याची लाज त्याहून जास्त वाटते, आणि तरीही परवाचं जेवण इथेच व्हायला हवंय मला. आता सांगा. सांगू नका, नको.

तर त्या ऑक्टोपसचं एवढं करा, कुठून आला ते सांगू नका टेबलावर. तुम्ही लोक सांगता ना, हे तेल अमक्याच्या झाडांचं, हा मासा तमक्यानं धरला — ते तेवढं त्या पदार्थाला गाळा. एमनाच्या कानावर "गेल्लाला" पडलं तरी — ती काही दुधखुळी नाही. काय? नुसतं सांगत नाही? मग?

बोलावता? इथे? टेबलाशी?

ज्यानं पिकवलं, ज्यानं वाळवलं, त्याला. पाहुण्यांनी हात मिळवायचा. अहो, ही कुठली पद्धत! हॉटेलात माणसं जेवायला येतात, ओळखी करून घ्यायला नव्हे — आणि बोलावलंत तुम्ही तिला? झालं बोलावून? सी नौफल, अहो, मी पाया पडते तुमच्या — कधी? काल? ती "हो" म्हणाली? ती म्हणणारच हो, तिला काय, ती नवी फुता नेसून, ती टोपी घालून, दारातून आत येईल आणि एमना उठून — खाला! — आणि मादाम दोर्रा विचारेल, ह्या कोण? आणि मी काय सांगू? मयत परत उठलं म्हणून सांगू? मला पाणी द्या. नाही, राहू दे, बसा तुम्ही. तिला कळवा नको म्हणून. माणूस पाठवा. काहीही सांगा, बेत मोडला सांगा, आग लागली सांगा —

काय म्हणालात?

नाही येणार?

हो म्हणाली होती आणि मग नाही म्हणाली? हुश्श. देवा तुझे उपकार. बरं झालं, बाई, बरं झालं! — नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं. म्हणजे — ती दमते हल्ली. गुडघे दुखतात तिचे, एवढ्या लांब कशाला दगदग. तुम्ही असं का बघताय? मला बरं वाटलं हे दिसलं तुम्हाला. दिसलं ना? दिसू दे. पण काय कारण दिलं तिनं? लग्नाला जायचंय? परवा? कुणाच्या? गावात लग्न असतं तर तिनं मला सांगितलं नसतं होय, तिथे दोन तास बसले होते मी, गावातलं कोंबडं मेलेलंसुद्धा सांगितलं तिनं —

थांबा. आधी "हो" म्हणाली. मग तुम्ही काय बोललात तिच्याशी? तिनं विचारलं, पाहुणे कोण. साहजिक आहे, कुणीही विचारेल. आणि तुम्ही सांगितलंत? ट्युनिसचे लोक, सोयरीक ठरतेय, एवढंच ना? नाव नाही ना घेतलंत? घेतलंत. माझं? एमनाचंही.

आणि मग ती म्हणाली लग्नाला जायचंय.

रागावली? रडली का? — काहीच नाही. चहा केला तुमच्यासाठी. हो, ती करते. बरं. ठीक आहे. चला, झालं ते झालं, आपण पुढचं बघू, सातवा कोणता? कोकराचं काहीतरी ना? मला भूक नाही आत्ता, पण नावं ऐकते. लिहून घ्या तुम्ही. — अजून काय? सहाव्याचंच? त्याचं आता काय राहिलं. करा तुम्हाला हवा तसा.

हरिसा नाही घालायचा? का? त्याशिवाय कुसकुसला चव काय येणार, हरिसाच्या तिखटाशिवाय. अच्छा, सगळ्यांच्या नाही. एकाच ताटात नाही. कुणाच्या?

मी सांगितलं नव्हतं तुम्हाला. मी कशाला सांगेन, असल्या गोष्टी सांगतं का कुणी. ट्युनिसला कुणालाच माहिती नाही, ह्यांच्या आईसमोर तर मी मुकाट खाते आणि मग रात्रभर पोटाशी उशी धरून बसते — मग तुम्हाला कसं —

नाव ऐकल्यावर सांगितलं तिनं? लग्नाचं सांगायच्या आधी की नंतर? नंतर. दारापर्यंत येऊन, तुम्हाला परत हाक मारून. काय शब्द होते? आठवून सांगा. नेमकं काय म्हणाली?

"मुलीच्या आईला तिखट सोसत नाही, तिचं वेगळं करा. ती स्वतः सांगायची नाही."

हो.

नाही, काही होत नाही मला. ऊन आहे. बरोबर लिहिलंय तुम्ही, तसंच करा. सहावा राहू दे. सगळंच राहू दे ठरलंय तसं, परवा आठला. आणि आता जा तुम्ही, सी नौफल. कप उचलू नका, काही उचलू नका — एमना येतेय त्या बाजूनं. जा म्हणते ना.