साडेतीन हजार फुटांवरचा नमस्कार

वेंकूबाई: सोमवारी विमानाची परीक्षा, आणि तू शुक्रवारीच तंजावरला? काय करून आलीस गे?

वासुकी: काही नाही, आई. रामस्वामी सर म्हणाले, दोन दिवस विमानाला हात लावू नको.

वेंकूबाई: मोडलंस?

वासुकी: मोडलं असतं तर इथे कॉफी पीत बसले असते का? स्टॉल शिकवत होते.

वेंकूबाई: म्हणजे इंजिन बंद पडतं, ते.

वासुकी: सगळे हेच म्हणतात! इंजिन मस्त चालू असतं. बसच्या खिडकीतून हात काढला, तळवा जरासा तिरका धरला, तर वारा हात उचलतो ना?

वेंकूबाई: त्या हातावर किती चापट्या मारल्यात मी.

वासुकी: पण तळवा फारच उभा केला की हात थरथरतो, उचलणं संपतं. पंखाचंही तेच. नाक प्रमाणाबाहेर वर केलं की वारा पंखाला धरून राहत नाही. विमान खाली बसायला लागतं.

वेंकूबाई: अय्यय्यो! आणि असलं मुद्दाम करतात?

वासुकी: मुद्दामच. उंचावर, सर शेजारी असताना. उपाय सोपा आहे. हातातली स्टिक पुढे ढकलायची, नाक खाली. पूर्ण पॉवर, पंख सरळ, मग हळूच वर.

वेंकूबाई: पडणाऱ्या विमानाचं नाक आणखी खाली? हा कुठला उपाय?

वासुकी: माझ्या हातांनाही तसंच वाटतं, तेच तर! दोनदा मी ओढूनच धरली. सर ओरडतायत, मी ओढतेय.

वेंकूबाई: आणि तिसऱ्यांदा?

वासुकी: तिसऱ्यांदा सावरलं.

वेंकूबाई: मग सरांना राग कशाचा?

वासुकी: डावा पंख झुकला. खिडकीतून थेट खाली देवळाचं गोपुर दिसलं.

वेंकूबाई: बरं, मग?

वासुकी: मग काय! तुझीच मुलगी. हात जोडले.

वेंकूबाई: दोन्ही?

वासुकी: एका हाताने नमस्कार केला की टपली कोण मारायचं?

वेंकूबाई: बघ! देव तारी त्याला कोण मारी! कुठलं देऊळ गे? शिवाचं की पेरुमाळाचं?

वासुकी: तेवढ्या उंचीवरून पाटी दिसत नाही. आणि हात जोडताना स्टिक सुटली, नाक आपोआप खाली आलं, म्हणून सावरलं. सरांनी वहीत लिहिलंय, 'विद्यार्थिनीने स्टॉलमध्ये नमस्कार केला.' सोमवारी नीट जमलं नाही तर एकटीने उडायची परवानगी नाही. आई, मला एकटीला उडायचंय गे. फार फार उडायचंय.

वेंकूबाई: रडू नको. ऊठ. त्या स्टुलावर बस, ही पळी धर, हीच स्टिक. मी रामस्वामी.

(वासुकी पळी धरून बसते.)

वेंकूबाई: नाक वर! आणखी! पींऽऽऽ!

वासुकी: हे काय?

वेंकूबाई: भोंगा. माझ्या कुकरला आहे, तुझ्या विमानाला नसेल?

वासुकी: आहे, आहे. स्टॉल जवळ आला की वाजतो. पुढे... पॉवर...

वेंकूबाई: ओढलीस! माझ्या डोळ्यांदेखत ओढलीस. परत. पींऽऽऽ! डावा पंख पडला!

वासुकी: आधी स्टिक पुढे. पंख स्टिक वळवून उचलायचा नाही, उजव्या पायाचं पेडल दाबायचं. पॉवर. सरळ. हळूच वर.

वेंकूबाई: अस्सं! आणखी वीस वेळा. ताटातली अडै गार झाली तर होऊ दे.

वासुकी: वीस?

वेंकूबाई: पींऽऽऽ!

वासुकी: ...अठरा. एकोणीस. वीस. हात गळून आला, आई.

वेंकूबाई: आता खाली गोपुर दिसलं!

वासुकी: आई!

वेंकूबाई: दिसणारच. आपल्या मुलखात कुठेही उड, दिसणारच.

वासुकी: मग काय करू? मला न विचारताच हात उठतात.

वेंकूबाई: सोमवारी किती वाजता?

वासुकी: साडेनऊला.

वेंकूबाई: राहुकाळ संपलेला असतो. बरं. साडेनऊला मी गच्चीवर उभी राहते.

वासुकी: इथून विमान दिसायचं नाही गे.

वेंकूबाई: न दिसू दे. तू स्टिक सोडू नको. तुझ्या वाटचे हात मी जोडते.