सिनर्जी आणि बंडोपंतांचे टेबल

धामतीर सहकारी ग्राहक भांडाराचे अध्यक्ष माननीय वासुदेवराव, आजचे सत्कारमूर्ती बंडोपंत, त्यांच्या शेजारी बसून दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी मीराताई, भांडाराला नवी दिशा देण्यासाठी पुण्याहून आलेले व्यवस्थापक मिहिरराव, सन्माननीय संचालक मंडळ, डावीकडे बसलेले डोमाजी आणि त्यांचा किराणा विभाग, उजवीकडे बसलेल्या विमलाबाई आणि त्यांचा कापड-स्टेशनरी विभाग, मधली रिकामी रांग, आणि समस्त वर्धेकर ग्राहकहो,

रिकाम्या रांगेला मी चुकून संबोधलेले नाही. आजच्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे.

अध्यक्षांनी मला सात मिनिटे दिली आहेत. मे महिन्याची एकतीस तारीख, दुपारचे चार. कूलर चालू ठेवला तर मागच्यांना ऐकू येणार नाही, बंद केला तर पुढचे उरणार नाहीत. तेव्हा चालूच राहू द्या. मी बारा वर्षे संस्कृत व्याकरण शिकलो आणि त्यानंतर तीस वर्षे वर्तमानपत्राला कापसाचे भाव कळवले. ऐकू न येण्याची मला सवय आहे.

'निरोप' या शब्दावर कोटी करण्याचा मोह आज कोणाही वक्त्याला होईल. तो मी आवरणार आहे. एवढेच सांगतो, की आपण निरोप अशा माणसाला देत आहोत, ज्याने अकरा वर्षे दुसरे काही केलेच नाही.

नव्या ग्राहकांसाठी थोडा इतिहास. अकरा वर्षांपूर्वी जूनमध्ये गोदाम गळू लागले. डोमाजींनी ज्वारीची नऊ पोती 'फक्त दोन दिवसांसाठी' स्टेशनरीच्या खोलीत ठेवली. ज्वारीमागून उंदीर आले. त्यांनी ज्वारी खाल्ली आणि तोंडी लावायला दोनशेपानी वह्या घेतल्या. शाळा चार दिवसांवर आलेल्या. विमलाबाई कुरतडलेली वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या ज्वारीनं माह्या वह्या खाल्ल्या."

डोमाजी शांतपणे म्हणाले, "ज्वारी कोनाले खात नाई, बाई. वह्या उंदरानं खाल्ल्या. अन् उंदीर काही माह्या विभागात नोकरीले नाई."

तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. संसार तर्कशास्त्रावर चालत नाही, हे मात्र डोमाजींना कोणी शिकवले नव्हते. विमलाबाई दोन्ही विभागांच्या मधल्या, बंडोपंतांच्या टेबलाकडे वळल्या. "बंडोपंत, त्यायले सांगा, आजपासून मी त्यायच्याशी बोलनार नाई."

दोघांमध्ये अंतर चार फूट. तरीही बंडोपंतांनी मान वळवून सांगितले, "डोमाजी, त्या तुमच्याशी बोलणार नाहीत."

"त्यायले सांगा, मी बी नाई."

भांडाराच्या सेवानियमांत नसलेले एक पद त्या क्षणी निर्माण झाले.

मी रोज बाराच्या सुमारास बातमीच्या निमित्ताने, म्हणजे चहासाठी, त्या टेबलाशी बसत असे. तिथे जे ऐकले ते कोणत्याही दूतावासात ऐकायला मिळणार नाही. डोमाजी म्हणत, "त्या बाईले सांगा, कूलर इकडं फिरवा. इथं मानूस शिजून राह्यला." बंडोपंत मान वळवत. "विमलाबाई, डोमाजींची विनंती आहे, सोयीने कूलर थोडा फिरवावा." मूळ आणि भाषांतर दोन्ही ऐकून विमलाबाई म्हणत, "शिजल्यावर फिरवतो म्हना." आणि बंडोपंत पुन्हा मान वळवून सांगत, "डोमाजी, थोड्या वेळात फिरवतात." डोमाजी मान डोलावत. कूलर खरोखरच थोड्या वेळात फिरे. आता सांगा, असा भाषांतरकार आम्हाला पाठशाळेत मिळाला असता, तर मी बाजारभाव लिहीत बसलो असतो का?

गेल्या दिवाळीत मिहिरराव आले, आणि सोबत तो शब्द आला. सिनर्जी.

त्यांनी भिंतीवर पांढरा फळा लावला, एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे काढली आणि म्हणाले, "किराणा आणि कापड वेगवेगळे जेवढे विकतात, त्याच्या बेरजेपेक्षा दोघांनी मिळून जास्त विकले पाहिजे. ते जे जास्तीचे, ती सिनर्जी. एक अधिक एक बरोबर तीन."

डोमाजी म्हणाले, "साहेब, तागडीवर मी एक अन् एक तीन केलं असतं, तर केव्हाचंच घरी बसवलं असतं मले."

शब्द मात्र भांडारात थांबला नाही. पंधरा दिवसांत तो गावभर झाला. माझा न्हावी आरसा दाखवून म्हणाला, "पाहा, केस अन् चेहऱ्याची आता सिनर्जी आली." गजेंद्र मंडपवाल्यांच्या घरची सोयरीक मोडली. छत्तीसपैकी तीस गुण जुळले होते, पण दोन्ही घरांची सिनर्जी नाही, असे कळवण्यात आले. आमच्या घरी कारल्यात गूळ पडला आणि मला सांगण्यात आले की आज भाजीत सिनर्जी आहे, मुकाट्याने खा. मी खाल्ली. सिनर्जी कडू लागते.

भाषेचा माणूस म्हणून अर्थ मलाच विचारला गेला. मी म्हटले, आपल्या धर्मशास्त्रांत एकत्र धंदा करणाऱ्यांसाठी जुना शब्द आहे: संभूयसमुत्थान. एकत्र येऊन, मिळून उठणे. डोमाजी म्हणाले, "एवढा मोठा शब्द म्हटल्यावर उठाची ताकद कोनात राह्यते?"

मिहिरराव, रागावू नका. तुमचा शब्द चुकीचा नव्हता, तुमची आकृतीही चुकीची नव्हती. फक्त दोन वर्तुळे जिथे एकमेकांत शिरतात, नेमके तिथे बंडोपंतांचे टेबल होते. तुमच्या अहवालात त्याची नोंद 'दोन विभागांमधील अडथळा' अशी झाली. मार्चमध्ये आठ दिवस टेबल गोदामात गेले आणि बंडोपंतांना वरच्या मजल्यावर बसवले. हेतू हा, की अडथळा गेला की संवाद सुरू होईल.

संवाद सुरू झाला. नालवाडीचे निवृत्त शिक्षक पुंडलिकराव पोहे घ्यायला आले. ते आज पहिल्या रांगेत आहेत. डोमाजी म्हणाले, "सर, जरा त्या बाईले विचारा, सुतळी हाय का."

सरांनी विचारले.

"हाय म्हना. पन मागच्या खेपेची कैची परत करा म्हना पयले."

सरांनी सांगितले.

"कैची त्यायच्याच टेबलाखाली पडली हाय म्हना. वाका म्हना जरा."

हा निरोप सरांनी जसाच्या तसा पोचवला. शिक्षकच ते, शब्द बदलणार कसे? पुढचा दीड तास काय झाले ते मी सांगत नाही, सभागृहात महिला आहेत. सर अकराला आले होते, एक वाजता त्यांच्या घरून फोन आला. पोहे राहिलेच. मिहिररावांच्या वहीत मात्र त्या दिवशी 'ग्राहक-सहभाग दोन तास' अशी अत्युत्तम नोंद आहे. नवव्या दिवशी टेबल जागेवर आले आणि बंडोपंत खाली.

इथवर आपण हसलो. आता एक मिनिट हसू नका.

संचालक मंडळाचा ठराव झाला आहे. उद्यापासून टेबल नाही, बंडोपंत नाहीत, दोन्ही विभागांचे एकच काउंटर. तीन महिन्यांत ते चालले नाही, तर दोहोंपैकी एक विभाग बंद होईल. कोणता, ते ठरावात नाही. डोमाजींच्या निवृत्तीला चार वर्षे आहेत, विमलाबाईंच्या सहा. बंडोपंतांनी या दोघांच्या काळजीपोटी दोनदा मुदतवाढ मागून घेतली आणि मीराताईंनी दोनदा इंदूरची, लेकीकडे जाण्याची, तिकिटे रद्द केली. तिसरी मुदतवाढ मिळाली नाही. आज साडेसहाची गाडी आहे, म्हणून ते घड्याळ.

काल दुपारी मी बातमीसाठी छायाचित्र काढायला गेलो. टेबल हलवले होते, फरशीवर चार पायांचे चार पांढरे चौकोन उरले होते. बंडोपंत तिथेच उभे होते. मला म्हणाले, "चार फुटांचं अंतर हो. चौतीस वर्षांच्या नोकरीत तेवढं कमी करता आलं नाही."

मी म्हटले, पंत, तुम्ही नसता तर हे भांडार कधीच बंद पडले असते.

ते म्हणाले, "किंवा ते दोघं कधीच बोलले असते. मी प्रत्येक शब्द गोड करून पोचवला. कडू शब्द ज्याचा त्याला मिळाला असता, तर आठ दिवसांत भांडून मोकळे झाले असते. माझ्यामुळे त्यांना भांडावंच लागलं नाही."

हे खरे की खोटे, मला ठाऊक नाही. पण त्यांचा चेहरा पाहून मी छायाचित्र काढले नाही.

असो. आता सत्काराकडे वळतो. भांडाराच्या रीतीप्रमाणे शाल कापड विभागाची, नारळ किराणा विभागाचा, आणि दोन्ही एकदम अध्यक्षांच्या हाती द्यायचे. गेली अकरा वर्षे डावीकडून नारळ आणि उजवीकडून शाल आणून एकत्र करण्याचे काम बंडोपंत करत आले. आज ते खुर्चीत आहेत. तेव्हा डोमाजी, आपण नारळ हाती घेतलात हे उत्तमच, पण माझ्याकडे पाहू नका. मी वार्ताहर आहे. मिहिररावांकडेही नको. पुंडलिकराव, आपण कृपया बसून राहा, एकदा झाले तेवढे पुरे.

आम्ही थांबतो. गाडी साडेसहाची आहे.

काय म्हणालात? अहो, तो कूलर बंद करा जरा. हां. पुन्हा म्हणा, डोमाजी.

"बाई, शाल आना."

ऐकले का, मंडळी? टाळ्या नकोत, टाळ्या नकोत, उत्तर येते आहे. विमलाबाई म्हणतात, "पयले ते नारय हलवून पाहा. मागच्या सत्काराले पान्याचा थेंब नोता त्यात."

"पानी हाय. तुमच्या शालीची घडी पाहा, कशी चुरगळली."

"घडीचं मले सांगू नका! माह्या वह्यायचं काय झालं ते सांगा पयले!"

अध्यक्षमहाराज, अकरा वर्षांचा साठा आहे, माझ्या सात मिनिटांत तो संपणार नाही. दोघेही उठले आहेत, एकाच वेळी उठले आहेत आणि मधल्या रिकाम्या रांगेत येऊन उभे आहेत. संभूयसमुत्थानाचे यापेक्षा चांगले उदाहरण मला देता येणार नाही, म्हणून मीच बसतो. आपण उकाड्यात ऐकून घेतलेत, आपला ऋणी आहे. कोणाचे नाव मागेपुढे झाले असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर तो कापसाच्या भावासारखा समजा, उद्या उतरेल.

आणि बंडोपंत, तुम्ही कशाला उठताय? बसा. त्यांना ऐकू आले आहे.