आत्याचं माकड, आईचं प्लँक्टन

हॅलो?… हां आई, बोल. प्रयोगशाळेतच आहे… जेवले गं. खरंच जेवले.

काय? कोणी सांगितलं तुला?… दादाने! त्याच्या पोटात काही राहील तर शपथ. मी शनिवारी प्रयोगशाळेच्या कार्यक्रमातच सांगणार होते, सगळ्यांसमोर… हो. समुद्रात नवीन प्लँक्टन सापडलंय, त्याला मी तुझं नाव दिलंय… अगं, शेवाळ काय म्हणतेस! शेवाळाची लांबची नातेवाईक म्हण हवं तर.

नाही, नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत… आई, ऐक ना… हो, ठाऊक आहे. दादाच्या प्राणी संवर्धन केंद्रात माकडाचं पिल्लू जन्मलं, त्याला आत्याचं नाव मिळालं, पेपरात फोटो आला… आणि आत्याने तो भिंतीवर लावलाय? फ्रेम करून? कमाल आहे बाई!

पण तिचंच नाव का दिलं, माहितीये? ते पिल्लू अखंड किंचाळतं, कोणाला झोपू देत नाही, म्हणून… हसलीस! ऐकलं मी.

बरं, नाही हसलीस.

हो, दुर्मीळ आहे ते माकड. जंगलच उरलं नाही, मोजकीच राहिलीत बिचारी… तुझी? तुझी एका थेंबात ढीगभर… अगं, ‘सामान्य’ कुठे म्हटलं मी!… शनिवारी येणार नाहीस? आई, असं नको ना करूस. पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवलीये तुझ्यासाठी.

ऐक. एकदाच, मध्ये न बोलता. ती कोणाला दिसत नाही. दिवसभर उन्हात राबते, समुद्रातला सगळा गोतावळा तिच्यावर पोसला जातो, आपण घेतो त्या हवेतही तिचा वाटा असतो. आणि कोणी तिचं नावही काढत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिला पाहिलं आणि मला तूच आठवलीस गं. दुसऱ्या कोणाचं नाव देणार होते मी?

आई?… हॅलो?… रडतेस का?

दिसायला? छान आहे. गोल, काठाला नाजूक झालर… नाही गं, जाड नाही!

काय म्हणालीस?… हो, माकडंही तीच हवा घेतात, म्हणजे… हो, थोडंफार तसं म्हणता येईल… आई, नाही! ‘तुमचं माकड माझ्या जिवावर जगतंय’ असं आत्याला अजिबात सांगायचं नाही!… ते राहू दे, शनिवारी येतेस ना?

येतेस! मग झालं तर… दोन खुर्च्या? दुसरी कोणासाठी?… आत्यासाठी? तिला कशाला… आई, अगं ऐक… हॅलो? हॅलो?… ठेवलासुद्धा!