बावीस झाडं

कृष्णकांत : ...आणि तेवढ्यावर थांबलो नाही मी! संध्याकाळी पुन्हा पाइप ओढला. बावीस झाडं, अंजनाबाई! एकट्याने! वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, सेहेचाळीस डिग्रीत!

अंजनाबाई : थांबा, थांबा साहेब. बसमधून उतरून वावरात पाय ठेवला नाही त तुमी सुरू. पह्यले ही पिशवी खाली ठेवू द्या. कायचे बावीस झाडं?

कृष्णकांत : तुमची, संत्र्याची! माझ्या तारेच्या कुंपणाला लागून आहेत ना, त्या दोन ओळी. लेकीच्या, मायाच्या बाळंतपणाला कोराडीला निघालात तेव्हा तुम्हीच म्हणालात, 'साहेब, बागेवर लक्ष ठेवजा.' ठेवलं! रोज बघत होतो. पानं वळली, पिवळी पडली, गळायला लागली. काल राहवेचना. म्हटलं, शेजारी कशाला असतो? माझ्या विहिरीवरून दोनशे फूट पाइप टाकला आणि एकेक आळं काठोकाठ भरलं.

अंजनाबाई : पानी देलं?

कृष्णकांत : भरपूर!

अंजनाबाई : माह्या संत्र्याले पानी देलं तुमी?

कृष्णकांत : आभार वगैरे नकोत हो. आधी सांगा, मायाला काय झालं?

अंजनाबाई : पोट्टी झाली. आगं माय वं! बळीरामभाऊ! ओ बळीरामभाऊ, धावा! या मानसानं माही बाग बुडवली!

बळीराम : काय झालं वं वैनी? साप निंगाला का?

अंजनाबाई : साप परवडला असता! यानं तान तोडला! दोन ओळी भिजवून ठेवल्या! पाहा, आळे अजून ओले हायेत!

बळीराम : हं. पाहून राहिलो.

कृष्णकांत : कोणी मला सांगेल का, माझं चुकलं काय?

बळीराम : साहेब, त्या झाडाइले पानी काहून नव्हतं, असं वाटलं तुमाले?

कृष्णकांत : विहीर आटली असेल. नाहीतर मोटार जळाली असेल. बाई एकटी, मुलगा बाहेरगावी...

बळीराम : मुद्दाम तोडलं होतं. संत्र्याले उन्हाळ्यात महिना-दीड महिना तहानलेलं ठेवा लागते. याले तान म्हनते. तान पुरा बसला अन् मंग पानी भेटलं, का झाड एकदम फुलते. तोच मृगाचा बहार. मधातच पानी पाजलं त नुसते पानं फुटते. फूल नाही, फळ नाही.

कृष्णकांत : अरे देवा.

अंजनाबाई : आता देव आठवला! पाइप ओढतानी कुठी होता तुमचा देव?

कृष्णकांत : अंजनाबाई, खरं सांगतो. तीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बसलो. तीस वर्षं एकच तक्रार लिहून घेतली, पाणी आलं नाही, पाणी आलं नाही. पाणी दिलं म्हणून कोणी रडेल, हे मला ठाऊकच नव्हतं.

अंजनाबाई : मी कुठी रडून राहिली? घाम हाय तो!

बळीराम : वैनी, बाकीच्याइले त नाही लागलं ना पानी. एकशे अठरा झाडं तशेच हायेत.

अंजनाबाई : तुमाले काय जाते सांगाले! दोन साल झाले, माहा मृग फुटला नाही. रोशन म्हनते, आई, यंदा नाही फुटला त सारे झाडं काढू. जेसीबीवाल्याले सांगून ठेवलं त्या पोट्ट्यानं! अन् मी हाव म्हनली, भाऊ! तोंडानं हाव म्हनली! एकेक झाड मोलाचं होतं मले यंदा. रोशनच्या बाबानं अन् म्या डोक्यावर पान्याचे गुंड आनून जगवली ही बाग.

कृष्णकांत : मी रोशनशी बोलतो. माझी चूक आहे, मी सांगतो त्याला.

अंजनाबाई : तुमी कोनाले काही सांगू नका! ते बावीस झाडं आजपासून माहे नाहीत. घ्या, तुमालेच घ्या! मी एकशे अठराच मोजीन. अन् माह्या धुऱ्यावर, बांधाच्या इकडे, पाय ठेवाचा नाही. नसन करमत त जा शहरात, आपल्या लकडगंजात वापस!

(बारा दिवसांनी. सकाळचे नऊ. कृष्णकांतच्या शेताचं फाटक आतून बंद.)

अंजनाबाई : साहेब! ओ साहेब! फाटक उघडा!

कृष्णकांत : मी धुऱ्याकडे फिरकलोसुद्धा नाही, अंजनाबाई. शपथ. पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला.

अंजनाबाई : काढा तो माळ्यावरून! नाही, पह्यले इकडे या. चपला राहू द्या, चाला! धुरा काय पाहून राहिले, ओलांडा!

कृष्णकांत : तुम्हीच म्हणालात...

अंजनाबाई : आता मीच म्हनून राहिली, ओलांडा! बळीरामभाऊ, त्याइले दाखवा ती फांदी. हे पाहा साहेब. काय हाय हे?

कृष्णकांत : चष्मा राहिला घरी. धूळ आहे का?

अंजनाबाई : धूळ म्हनते, बाप्पा! अहो, कळी हाय कळी! ज्वारीच्या दान्याएवढी! अन् ही पाहा. अन् ही! एका फांदीवर मोजता येत नाही मले!

कृष्णकांत : म्हणजे... फूल येणार?

बळीराम : गच्च येईन.

कृष्णकांत : पण तुम्ही तर म्हणालात, मधेच पाणी दिलं तर नुसती पानं येतात!

बळीराम : मधात देलं त. तुमी मधात नाही देलं. वैनी, तू पानी कधी तोडलं होतं?

अंजनाबाई : मायाची ओटी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तारीख कोनाले याद हाय!

कृष्णकांत : वीस एप्रिल. माझ्या डायरीत आहे. मी तापमान लिहितो ना रोजचं, त्याच पानावर खाली लिहिलंय, 'शेजारची मोटार आज बंद, कारण समजले नाही.' आणि मी पाणी दिलं सव्वीस मेला. छत्तीस दिवस.

बळीराम : छत्तीस. आपली जमीन मुरमाची, वैनी. तिले महिनाभर तान लय झाला. काळ्या जमिनीवाले दीड महिना ठेवते. मागच्या सालीच म्हनलं होतं म्या, पावसाची वाट नको पाहू. पाऊस आला उशिरा, तुहे झाडं वाळून गेले.

अंजनाबाई : कधी म्हनलं? तुमी कधी मोठ्यानं बोलता का?

बळीराम : तुह्यासमोर कोन मोठ्यानं बोलते वं?

अंजनाबाई : रोशनचे बाबा मृगाच्या पावसाचीच वाट पाहत. म्हनून म्याही पाहिली. तवा पाऊस टायमावर येत होता. दोन साल मी पावसालेच शिव्या देल्या, भाऊ. चूक माहीच होती.

कृष्णकांत : मग बाकीच्या झाडांचं काय? आज आठ जून. म्हणजे एकोणपन्नास दिवस झाले त्यांना!

बळीराम : तेच त. आज पानी भेटलं त फुटतीन. आनखीन आठ दिवस गेले त मागच्या सालासारखंच.

अंजनाबाई : पाऊस कधी हाय, साहेब? तुमी मोबाइलमध्ये पाहता ना?

कृष्णकांत : वीस तारखेच्या आधी नाही. रोज बघतो.

अंजनाबाई : अन् माह्या विहिरीत गुडघाभर पानी. भाऊच्या विहिरीत त्याच्यापुरतंच. इतवारी रोशन येते, जेसीबीवाल्याले घेऊन. आता तुमीच सांगा मी कोनाच्या फाटकावर येऊ!

कृष्णकांत : अंजनाबाई, माझी विहीर भरलेली आहे. आठ आंब्याची रोपं आणि मी, आम्हाला किती लागतं? पण मला भीती वाटते हो. तेव्हाही मी आनंदानेच पाइप ओढला होता. आणि मी मुलाला कळवलंसुद्धा, लकडगंजला परत येतो म्हणून. सामान बांधून ठेवलंय.

अंजनाबाई : काहून?

कृष्णकांत : तुम्हीच म्हणालात, जा.

अंजनाबाई : अहो, मी दिवसातून दहा लोकाइले जा म्हनते! बळीरामभाऊले वीस सालापासून म्हनून राहिली. गेले का ते?

बळीराम : कुठी जाऊ? माहं वावर इथीच हाय.

अंजनाबाई : साहेब, त्या दिवशी लय बोलली मी. बोलाले नको होतं. तुमी जीव लावला झाडाइले, अन् म्या तुमाले धुऱ्यावरून हाकललं. वाईट वाटलं मले मागून. पन तोंड आडवं आलं, फाटकापर्यंत यायची हिंमत नाही झाली.

कृष्णकांत : मीही मायाच्या मुलीला झबलं आणून ठेवलंय त्याच दिवसापासून. पिवळं. द्यायची हिंमत झाली नाही.

बळीराम : झबलं मंग द्या. लाइन बारा वाजता जाते. एकशे अठरा झाडं हायेत अन् तीन घंटे.

अंजनाबाई : बाप्पा! चाला, चाला! भाऊ, तुमी तिकडून आळे बांधत या. साहेब, पाइप! अन् चपला घाला आता, पाय भाजून राहिले तुमचे!

कृष्णकांत : माळ्यावरून काढतो! दोनशे फूट पुरणार नाही!

बळीराम : माहा शंभर फूट आनतो. जोडून टाकू.

अंजनाबाई : बटन दाबा, साहेब!

कृष्णकांत : तुम्ही दाबा. मागच्या वेळी मीच दाबलं होतं.

अंजनाबाई : तुमची मोटार, तुमचा हात. दाबा! पोट्ट्यासारखे काय करता! आलं! आलं, भाऊ, पानी आलं! आळं धरा! अवं माय, कसं सुऊं करून पिऊन राहिली माती!

बळीराम : वैनी, काठोकाठ नको भरू. पह्यलं पानी हलकं.

अंजनाबाई : ऐकलं! पाहा, आज ऐकलं म्या तुमचं! इतवारी येऊ दे रोशनले. कळीची फांदीच देते त्याच्या हाती. म्हनते, हे पाह्य, अन् मंग बोल जेसीबीचं.

कृष्णकांत : अंजनाबाई! इकडची ओळ झाली! आता पाइप त्या तुमच्या बावीस झाडांकडे वळवू का? त्यांनाही लागेल ना?

अंजनाबाई : माह्या कोनत्या बावीस?

कृष्णकांत : या कुंपणाजवळच्या. कळ्या आलेल्या.

अंजनाबाई : माहे एकशे अठरा हायेत, साहेब. ते तुमचे. रागात देले असतीन, पन देले.