गुलाबी धरलेला दगड

— नाही नाही, चप्पल राहू द्या, धनराजशेठ, या असेच आत — आणि जरा हळू बोला, बायको आत पडलीये. हा टँक. तुमच्याच दुकानातून नेलेला दगड, ओळखलात? कसा ओळखाल! नेला तेव्हा कडेनं त्या समुद्री शेवाळाचा जांभळट गुलाबी थर होता, आता हाडासारखा पांढरा पडलाय. समुद्राच्या पाण्यासाठी मीठ तुम्ही दिलेलंच, पाणी फिल्टरचं, कॅल्शियम कमी पडू नये म्हणून रोज चुन्याची निवळी थेंबथेंब सोडतो — सलाइनची नळी लावलीये, बघा. सगळं तुम्ही सांगितलं तसं. आणि वाढत होतं हो! दिवाळीनंतर काचेवरसुद्धा ठिपके आले, कुंकू सांडावं तसे. मग उन्हाळ्यात सुरू झालं भारनियमन. नाशिकरोडला दुपारभर लाइट नाही, पंप बंद, पाणी तापतंय — मी मगानं पाणी वरखाली करत बसायचो, बर्फाच्या पिशव्या सोडायचो. प्रेसमध्ये जन्मभर मशीन चालवली, बिघडली की कळायचं कुठं हात घालायचा. इथं कुठं घालू?

काय? परत धरायला सहा महिने? तेच तर — तेवढे नाहीत हो. म्हणजे मला काही झालेलं नाही. आमच्या हिचे, आशाचे डोळे. शुगर. लेसर झालं, मुंबईला दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा. जपा म्हणजे काय करा? येताना गाडीत मी विचारलं, तुला काय बघायचंय सांग. ती हर्णैकडची. लहानपणी ओहोटीला आईबरोबर कालवं काढायला जायची, तिथं खडकांवर गुलाबी थर धरलेला असायचा म्हणे. तो बघायचाय, म्हणाली. घेऊन जायचं ना, म्हणता? नेलं होतं की! खडकावर तिला चालवेना, लांबून दिसेना. किनाऱ्यावर बसून राहिलो नि परत आलो. म्हणून तर हा टँक — म्हटलं, नाकासमोर तरी येईल.

आणि परवा काय झालं, खुर्ची ओढून काचेला टेकून बसली. म्हणाली, "अहो, धरलं की हो गुलाबी! केवढं धरलंय!" मी बघतोय, दगड पांढराफटक. म्हटलं, हो, धरलंय. दुसरं काय म्हणणार? आता शेजारच्या कुसाबाईंना हाताला धरून आणते, दाखवते. त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघत हो हो करतात. पण खरं सांगू, मला कळतच नाही — तिला खरंच तसं दिसतंय, की मी दिवसभर पाण्यात हात घालून बसतो म्हणून ती माझी समजूत घालतेय? विचारू कसं? विचारलं तर मग... जाऊ दे. तुमच्या दुकानातल्या टँकच्या काचेवरचं थोडं खरवडून द्या ना. एवढंसं. पाण्यात सोडलं की नव्या जागी धरतं, तुम्हीच म्हणाला होतात. लागू देत सहा महिने. निदान मी म्हणालो ते खरं तरी होईल —

हो गं, आलो! दुकानातले धनराजशेठ आलेत! ... हो, तेच बघतायत! ... विचारतेय, कसं वाटलं. सांगा ना शेठ, छान धरलंय म्हणून. एकदाच. मोठ्यानं, तिला आत ऐकू जाईल असं.

शेठ?

... बरं. या तुम्ही.